बाळाच्या गालावरचे कोरडे चट्टे

ताई बाळंतपणाला बेळगावी आमच्याकडे आली होती. बाळ पाच महिन्यांचे झाले आणि ऐन थंडीत त्याच्या गालांवर, पायांवर खरखरीत लालसर चट्टे उठले. शेजारच्या अज्जी कन्नडमध्ये ‘हुळुकड्डी’ म्हणाल्या, आमची आजी ‘गजकर्ण’. दोन भाषांत एकच चूक! दाजींनी औषधाच्या दुकानातून नायट्याची ट्यूब आणली. दोन दिवसांत गाल स्वच्छ. ट्यूब थांबवताच चट्टे दुपटीने परतले. डॉक्टरांनी ट्यूब वाचली. तिच्यात जोरदार स्टिरॉइड होते. त्याने बाळाची कातडी पातळ होते. असले मलम डॉक्टर सांगतील तेच आणि तितकेच दिवस लावायचे.

हा होता एक्झिमा. तो कोणाला लागत नाही. आम्हा कॉमर्सवाल्यांच्या भाषेत, अशा त्वचेत ओलाव्याची जमा कमी, खर्च फार. आमच्या घरी तो खर्च आम्हीच वाढवत होतो : कढत पाणी, डाळीच्या पिठाने चोळणे, वर शेगडीची धुरी. आता आंघोळ कोमट पाण्याने, ५ ते १० मिनिटांत. साबण नावापुरता, वासाचा नको. अंग पुसायचे नाही, टिपायचे, आणि ओलसर असतानाच व्हॅसलीन भरपूर लावायचे. नुसते आंघोळीनंतर नव्हे, दिवसातून दोन-तीनदा. लोकरीच्या आत सुती झबले. नखे कापलेली. चट्ट्यातून पाणी आले, पिवळी खपली धरली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आजी पीठ सोडीना. “तुम्ही सगळे ह्याच पिठावर वाढलात!” खोबरेल चालेल, असे डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठे तिचा राग निवळला. लावते मात्र तीच.