सी, ए, टीचे शेजारी

तंजावरहून कुंभकोणमला जाताना वाटेत पापनाशम लागतं. तिथल्या एका तंजावरी मराठी घरात एक निवृत्त शिक्षिका स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजीतले आडवळणी शब्द शिकवतात. सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी त्या मुलांच्या रांगेत बसून त्यांची रीत पाहिली.

जाड कोश उघडायचा, तीन अक्षरं निवडायची आणि त्यांनी सुरू होणारे शब्द वहीत एकाखाली एक उतरवायचे. समोर अर्थ. मग प्रत्येक शब्द जिथे सांधला आहे तिथे पेन्सिलीनं उभी रेघ. रेघेशिवाय पाठ केलेला अर्थ परीक्षेनंतर उरत नाही, असं अक्का बजावतात.

अक्षरं होती सी, ए, टी. कॅटलेप्सी म्हणजे शरीर ताठरून निश्चल होण्याची अवस्था. यात ‘काटा’ हा ग्रीक उपसर्ग आहे. त्याचा एक अर्थ ‘खाली’. पुढचा भाग ‘पकडणं’ या अर्थाचा. कॅटेकिझम म्हणजे प्रश्नोत्तरांतून दिलेली धर्माची शिकवण. इथेही तोच ‘काटा’, फक्त शेवटचा स्वर गळालेला. कॅटरॅक्ट म्हणजे वरून कोसळणारा धबधबा, आणि मोतीबिंदूही. लॅटिनमध्ये या शब्दाचा किल्ल्याच्या दारात वरून खाली सोडायची जाळी असाही अर्थ होता. डोळ्यासमोरचा अडसर बहुधा त्यावरूनच आला.

कॅटकिनमध्ये मात्र खरंच मांजर आहे. विलो, बर्च अशा झाडांच्या लोंबत्या तुऱ्यांचं हे नाव मांजराच्या पिल्लासाठी असलेल्या डच शब्दावरून पडलं. कॅटगट ही वाद्यांची किंवा टाक्यांची तार. ती बनते मेंढी-बकरीच्या आतड्यापासून. आणि कॅटेचू म्हणजे आपला पानातला काथ.

मग आला कॅटॅमरन. मुलांनी रेघ झटकन ओढली: कट्टु, मरम. बांधलेली लाकडं. तमिळ शब्द इंग्रजी कोशात बसलेला त्यांना लगेच ओळखू आला. रेघ कॅटलेप्सीत पडली होती तिथेच पडली, पण मुळं एक ग्रीसची, एक कावेरीकाठची. अक्षरं जुळली म्हणजे नातं जुळलं असं नसतं, हे अक्कांना दाखवायचं होतं.

तंजावरला ही विद्या परकी नाही. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी सरस्वती महालात युरोपीय ग्रंथ जमवले. त्या ग्रंथालयात सॅम्युअल जॉन्सनच्या कोशाची 1784ची प्रत आहे. जॉन्सन वाचताना हव्या शब्दाखाली रेघ ओढून समासात त्याचं पहिलं अक्षर लिहीत असे. मदतनीस ती वाक्यं उतरवून घेत. 1755चा मूळ कोश असा अक्षराअक्षरानं उभा राहिला. त्याआधी शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं झालेल्या राज्यव्यवहारकोशाची मांडणी विषयवार वर्गांची होती. तिथे शेजारचे शब्द एकाच कामाचे असत. अकारविल्हे कोशात शब्द चटकन सापडतो, पण त्याचं कूळ आपल्याला शोधावं लागतं.

शेवटी अक्कांनी न शिकवलेला शब्द दिला: कॅटॅबॉलिझम. एका मुलीनं रेघ ओढली आणि म्हणाली, “अक्का, काहीतरी मोडून खाली येत असणार.” कोशात पाहिलं: शरीरात मोठ्या रेणूंचं लहान रेणूंत विघटन. तिची दिशा बरोबर होती. बाजारातल्या याद्या शब्दाला एक अर्थ चिकटवून देतात. अनोळखी शब्दासमोर असं उभं राहण्याचं बळ त्यांतून मिळत नाही. ते एकेक शब्द स्वतः फोडूनच येतं.