जामठ्याचा निकाल आधी कोण सांगणार?

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेला लागलं की शहराच्या आधी जामठा येतं आणि विदर्भ क्रिकेट संघटनेचं स्टेडियम दिसू लागतं. रणजी करंडकाचा मोठा सामना तिथे ठरला की वर्धा-हिंगणघाटकडच्या पानठेल्यांवर भाकितांना तोटा नसतो. पीकपाणी आणि राजकारणाचा अंदाज सांगायला अक्षय्य तृतीयेला भेंडवळची घटमांडणी आहे. क्रिकेटवाल्यांना तेवढी सोय नाही. त्यांना मागचे धावफलक चाळावे लागतात, आणि विदर्भाच्या बाबतीत या धावफलकांनी भल्याभल्यांना फसवलेलं आहे.

१९५७-५८ मध्ये विदर्भ रणजीत उतरला. पुढची साठ वर्षं अंतिम फेरी नाही. त्यामुळे २०१७ च्या डिसेंबरात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर उपांत्य सामन्यात समोर आठ वेळचा विजेता कर्नाटक होता, तेव्हा विदर्भावर पैज लावायला घरचा माणूसही कचरला असता. पहिल्या डावात विदर्भ ११६ धावांनी मागे पडला. शेवटच्या दिवशी कर्नाटकाला ८७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी हाताशी होते. विदर्भ ५ धावांनी जिंकला. इंजिनिअरिंग शिकलेल्या रजनीश गुरबानीने त्या डावात ६८ धावांत ७ बळी घेतले होते.

अंतिम सामना इंदूरला, म्हणजे दोघांनाही परक्या मैदानावर, आणि प्रतिस्पर्धी सात वेळचा विजेता दिल्ली. दिल्लीकडे गौतम गंभीर आणि ऋषभ पंत होते, तर विदर्भाचा सर्वांत नावाजलेला गोलंदाज उमेश यादव भारतीय संघासोबत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर. तरीही १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने ९ गडी राखून करंडक उचलला. गुरबानीने हॅटट्रिक घेतली, तिचा तिसरा बळी १४५ धावांवर खेळणारा ध्रुव शोरी होता. रणजीच्या अंतिम सामन्यातली ही केवळ दुसरी हॅटट्रिक.

नाव बघून भाकीत करणारे इथे चुकले. पण संघाचा तंबू नीट पाहणाऱ्याला काही खुणा दिसल्या असत्या. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित होते, ज्यांनी २०१५-१६ मध्ये मुंबईला करंडक मिळवून दिला होता आणि पुढे २०२१-२२ मध्ये मध्य प्रदेशालाही दिला. फलंदाजीत मुंबईहून आलेला वसीम जाफर होता. रणजीत भाकीत करायचं तर कोण कुठून कुठे गेलं हे आधी बघावं, गुणतक्ता नंतर.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये हाच प्रश्न आणखी तीव्र आहे. तिथे हंगाम संपल्यावर डिसेंबर-जानेवारीत ‘बोल’ नावाचे सामने होतात, बहुतेक त्रयस्थ मैदानावर. मधल्या काळात खेळाडू संघ बदलतात, व्यावसायिक लीगकडे डोळे लावून बसलेले दुखापतीच्या भीतीने बाजूला होतात. ३० डिसेंबर २०२३ च्या ऑरेंज बोलमध्ये फ्लोरिडा स्टेट तेरापैकी तेरा सामने जिंकून आली होती. अर्ध्याअधिक ओळखीचे चेहरे गैरहजर असलेल्या या संघाला जॉर्जियाने ६३-३ असं लोळवलं. कागदावरचा संघ आणि मैदानावरचा संघ वेगळा असला तर आकडे काय करणार?

आकड्यांचं शास्त्र मात्र टाकाऊ नाही. हंगेरीत जन्मलेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आर्पाद एलो यांनी बुद्धिबळासाठी गुणांकनाची पद्धत बांधली. तिच्यानुसार २०० गुणांनी पुढे असलेल्या खेळाडूकडून शंभरात साधारण ७६ गुणांची अपेक्षा धरतात. फुटबॉलच्या (अमेरिकी नव्हे, सॉकरच्या) जागतिक क्रमवारीतही आता हीच विचारसरणी वापरतात. पण ७६ म्हणजे उरलेले २४ आहेतच! जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातल्या बाटुमीला नागपूरची दिव्या देशमुख पंधरावं मानांकन घेऊन बसली आणि अंतिम फेरीत चौथ्या मानांकित कोनेरू हंपीला हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक घेऊन आली.

रणजीत आणखी एक गुंता आहे, तो नियमाचा. बाद फेरीतला सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावातली आघाडी निकाल ठरवते. म्हणून ‘कोण जिंकणार’ या प्रश्नाचा अर्थ बहुतेक वेळा ‘पहिल्या डावात कोण पुढे राहणार’ एवढाच उरतो. आणि ही आघाडी किती बारीक असू शकते, हे २०२५ मध्ये केरळने दाखवलं. पुण्यात जम्मू-काश्मीरविरुद्ध आघाडी एका धावेची. अहमदाबादला गुजरातविरुद्ध दोन धावांची, तीही अशी की गुजरातच्या शेवटच्या फलंदाजाचा फटका शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उडाला आणि स्लिपमध्ये सचिन बेबीच्या हातात विसावला. केरळ इतिहासात पहिल्यांदा अंतिम फेरीत. हा हेल्मेटचा टप्पा कोणत्या सूत्रात बसवायचा?

त्या चेंडूचा गोलंदाज होता आदित्य सरवटे. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच जामठ्यावर सौराष्ट्राविरुद्ध ११ बळी घेऊन त्याने विदर्भाला सलग दुसरा करंडक दिला होता. चेतेश्वर पुजाराला त्या सामन्यात त्याने १ आणि ० वर परत पाठवलं. आता तो केरळकडून खेळत होता. उलट इंदूरला गुरबानीने त्रिफळा उडवलेला शोरी विदर्भाकडे आला होता, आणि कर्नाटकाचा करुण नायरही.

केरळविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात दानिश मालेवारच्या १५३ धावांच्या जोरावर विदर्भाने ३७९ केल्या. सरवटेने आपल्या जुन्या संघाविरुद्ध ७९ काढल्या, कर्णधार सचिन बेबी ९८ वर बाद झाला आणि केरळ ३४२ वर आटोपला. ३७ धावांची आघाडी मिळताच विदर्भाचं काम सोपं झालं: बाद व्हायचं नाही, वेळ काढायचा. करुण नायरने १३५ केल्या, सामना अनिर्णित राहिला, तिसरा करंडक आला. हर्ष दुबेचे त्या हंगामातले ६९ बळी हा रणजीतला विक्रम ठरला.

त्याच हंगामाच्या उपांत्य फेरीत विदर्भाने ८० धावांनी हरवलेला संघ मुंबईचा होता. वर्षभरापूर्वी वानखेडेवर अंतिम सामन्यात याच मुंबईने विदर्भाला १६९ धावांनी हरवलं होतं.