शिखरें आणि धांवती बस

शहराचें छायाचित्र घ्यावयाचें म्हटलें कीं आपली दृष्टि सहजच घुमट व मनोरे यांकडे जाते. पुढून जाणारी बस आपण अडथळा समजतों. मींहि पुष्कळ वर्षें हेंच केलें. मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनससमोर उभा राहून रस्ता मोकळा होण्याची मी वाट पाहत असें.

१८७८ सालीं बांधावयास घेतलेली ती वास्तु आजहि उभी आहे. वाहनांचें तसें नसतें. मुंबईंत ट्राम १८७४ सालीं आली व ३१ मार्च १९६४ रोजीं गेली. दुमजली बस १९३७ सालीं आली. डिझेलवर चालणाऱ्या दुमजली बसची अखेरची फेरी १५ सप्टेंबर २०२३ रोजीं झाली. त्या रात्रीं मीं आपला संग्रह चाळला. इमारतीचीं चित्रें विपुल निघालीं. परंतु ज्या बसनें मी शाळेंत शिकवावयास जात असें, तिचें एकहि नव्हतें!

म्हणून थोडें तंत्र सांगतों. ताशीं ३० किलोमीटर वेगानें जाणारी बस सेकंदाच्या तिसाव्या भागांत सुमारें २८ सेंटिमीटर सरकते. पांचशेव्या भागांत दोन सेंटिमीटरहि नाहीं. यास्तव दिवसां शटर जलद ठेवावें, म्हणजे बसची पाटी व खिडकींतील चेहरे स्पष्ट उमटतात. सायंकाळीं कॅमेरा तिवईवर ठेवून शटर कांहीं सेकंद उघडें ठेवावें; मनोरे स्थिर दिसतात व बसच्या दिव्यांची रेघ उमटते.

ती वास्तु उद्यांहि भेटेल. बस भेटेलच असें नाहीं. तेव्हां रस्ता मोकळा होण्याची वाट पाहूं नका.