पट : एक

गणेशपूर हे वाशिम जिल्ह्यातलं जेमतेम दीडशे वस्तीचं गाव. जानेवारी २०२३मध्ये इथली जिल्हा परिषद शाळा देशभरच्या बातम्यांत झळकली, कारण पहिली ते चौथीच्या या शाळेचा पट होता एक. विद्यार्थी तिसरीतला आणि त्याला शिकवायला बारा किलोमीटरवरून येणारे गुरुजीही एकच. दोन वर्षं हाच पट होता.

तरी शाळा रीतसर भरायची. राष्ट्रगीताला दोघंच उभे. सगळे विषय शिकवायला तेच गुरुजी, आणि पोषण आहारही त्या एकासाठी. हजेरीचं गणित तर गमतीचंच! मुलगा आला की उपस्थिती शंभर टक्के, त्याला ताप भरला की शून्य. वर्गात पहिला नंबर त्याचा, शेवटचाही त्याचाच. शहरातले पालक शिकवणीला हजारो रुपये मोजतात, तरी एवढं लक्ष मुलाच्या वाट्याला येत नाही. पण पाढे म्हणताना सूर धरायला कोणी नाही, चुकलं तर खिदळायला कोणी नाही आणि खो द्यायचा तर कोणाला? हा तोटा कुठल्याच रकान्यात भरता येत नाही.

इतक्या लहान गावात त्या वयाची मुलं मुळातच बोटांवर मोजण्याइतकी. त्यातली दोन-चार बाहेरगावच्या शाळेत गेली, तरी पट कोसळतो.

राज्यात २०२३मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुलं. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा. अशा शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचा विचार सरकारने तेव्हाच पुढे आणला. कागदावर तो पटतो. मोठी शाळा, जास्त शिक्षक, खेळायला सवंगडी. पण शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांनुसार पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एका किलोमीटरच्या आत हवी, आणि हे उगाच नाही. पावसाळ्यात काळ्या मातीच्या शिवारातून जाणारी वाट सात वर्षांच्या पायांना नकाशात दिसते त्याहून बरीच लांब पडते, आणि मध्ये नाला असला तर विचारूच नका.

गणेशपूरच्या शाळेत तेव्हा वर्ग चौथीपर्यंतच होते. त्यानंतर त्या मुलाला दाखला घेऊन बाहेर पडायचं होतं. तोवर पहिलीत नवं नाव दाखल झालं नसतं, तर तो एक दाखला लिहिला की हजेरीपत्रक कोरं होणार होतं.