“तेवढं लक्ष असू दे” म्हणजे नेमकं काय? घर आणि प्राणी कोणावर सोपवताना

घरी कुत्रा किंवा मांजर आहे आणि चार दिवस बाहेरगावी जायचंय, अशा सगळ्यांसाठी आजचा भाग. ज्यांना ऐकायला जमत नाही त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहूनही देतोय.

पुण्या-मुंबईत पेट सिटर ॲपवर मिळतो. रेट ठरलेला, फॉर्म भरलेला. आमच्या देवळ्यात पद्धत वेगळी. गल्लीतला कॉलेजचा पोरगा, शेजारच्या काकू, नाहीतर मळ्यातला गडी. लग्नाला निघताना किल्ली हातात द्यायची आणि म्हणायचं, “तेवढं लक्ष असू दे रे.” तो म्हणतो, “बिनधास्त जा दादा.” झालं, ठरलं!

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. एवढ्या वाक्यावर आम्ही कोडची एक ओळ लिहीत नाही, कारण दोघांच्या डोक्यात दोन वेगळी चित्रं असतात. तुमच्या डोक्यात ‘लक्ष’ म्हणजे दोन वेळ खाणं, दोन वेळ फिरवणं आणि रात्री घरात झोपणं. त्याच्या डोक्यात ‘लक्ष’ म्हणजे संध्याकाळी येऊन भाकरी टाकणं, पाणी भरणं आणि कुलूप ओढून पाहणं. खोटं कोणीच बोलत नाही. पण मधे अडकतो तो कुत्रा, आणि त्याला फोन करून सांगता येत नाही.

म्हणून निघण्याआधी पाच गोष्टी बोला आणि कागदावर लिहा.

१. राहायचं की येऊन जायचं?

हा पहिला प्रश्न. राहायचं असेल तर किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, कुठल्या खोलीत, मित्र आले तर चालतील का, हे सांगा. घरात कॅमेरा असेल तर तोही आधी सांगा. नंतर कळलं तर माणूस दुखावतो, आणि ते बरोबरच आहे.

रात्रीचं स्पष्ट लिहा: “अंधार पडायच्या आत कुत्रा घरात.” नाशिक जिल्ह्यात बिबट्या मळ्यापर्यंत, वस्तीपर्यंत येतो. अंगणात साखळीला बांधलेला कुत्रा म्हणजे त्याला आयती शिकार. दिवाळीत किंवा वरातीच्या फटाक्यांच्या वेळी फाटक बंद ठेवायचं, हेही लिहा. घाबरलेलं कुत्रं उघडं फाटक दिसलं की पळतं.

२. काय द्यायचं, काय अजिबात नाही

आपल्याकडे उरलेल्या भाकरीत रस्सा कुस्करून कुत्र्याला देतात, प्रेमानेच देतात. पण रश्श्यात कांदा असतो, आणि आपला भाग तर कांद्याचाच! कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांना विषारी आहे. कच्चा असो, शिजवलेला असो, नाहीतर पावडर, त्याने रक्तातल्या लाल पेशी फुटतात. लक्षणं लगेच दिसत नाहीत, काही दिवसांनी दिसतात: सुस्ती, पांढरट हिरड्या, गडद लघवी. तोपर्यंत नेमकं काय खाल्लं होतं ते कोणाच्या लक्षातही नसतं.

द्राक्षं आणि मनुके कुत्र्याची किडनी खराब करू शकतात. चॉकलेटही नको. आणि माणसाची गोळी तर नाहीच नाही. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते. ताप वाटला म्हणून काळजीपोटी दिलेली गोळी!

म्हणून “नेहमीचं खाणं दे” असं लिहू नका. “सकाळी आठला या वाटीने एक वाटी, संध्याकाळी सातला एक वाटी, रस्सा नाही” असं लिहा.

३. बिघडलं तर निर्णय कोणाचा?

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. तुम्ही लग्नाच्या गडबडीत, फोन सायलेंटवर. इकडे कुत्रा सारखा उलट्या करतोय. पोराच्या मनात दोन भीती: दादा चिडतील का, आणि डॉक्टरचे पैसे कोण देणार? या दोन भीतींपायी तो सकाळपर्यंत थांबतो. ती एक रात्र महागात पडू शकते.

म्हणून अधिकार आधीच द्या. “दोनदा फोन केला आणि उचलला नाही, तर डॉक्टरकडे घेऊन जा. तीन हजारांपर्यंत विचारायचं नाही.” आकडा तुमच्या ऐपतीप्रमाणे ठरवा, पण आकडा हवाच. आणि तेवढे पैसे त्याच्याकडे देऊन जा.

थांबायचं नाही अशा गोष्टी लिहून द्या: सारख्या उलट्या, धाप, झटका, रक्त. मांजर पूर्ण दिवस जेवलं नाही तरी फोन कर, कारण मांजर उपाशी राहिलं की यकृतावर येतं. जवळच्या जनावरांच्या डॉक्टरचा नंबर लिहा. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री नंबर १९६२ आहे, तो खाली लिहा.

४. प्राण्याचा स्वभाव खरा सांगा

“आमचा काही करत नाही हो!” हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. ताटाला हात लावला की गुरगुरतो, अनोळखी माणसावर धावतो, हे लपवू नका. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ सांगतं की आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शब्द ‘ताब्यातला’ असा आहे. म्हणजे त्या दिवसांत तो पोरगाही अडकू शकतो.

चावलंच तर काय करायचं, तेही लिहा: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. हळद-मिरची लावायची नाही. कुत्र्याच्या रेबीज लसीच्या कार्डाचा फोटो त्याला आधीच पाठवून ठेवा.

५. पैसे

इथे आपण सगळे अडखळतो. “पैशाचं काय घेऊन बसलात!” असं तो म्हणतो, आपण खूश होतो, येताना पेढ्याचा बॉक्स आणतो. पुढच्या वेळी तो “माझी परीक्षा आहे दादा” म्हणतो, आणि आपल्याला कारण कळत नाही. ओळखीतही सरळ बोला: “चार रात्री, एवढे रुपये, अर्धे आत्ता. खाण्याचा आणि औषधाचा खर्च वेगळा.” पैसे ठरले की त्यालाही अडचण मोकळेपणाने सांगता येते. काकू पैसे घेणार नसतील तर त्यांच्याकडून कमी काम घ्या, रात्रीचं राहणं दुसऱ्या कोणाकडे द्या.

एवढं झालं की एक ट्रायल घ्या. तुम्ही गावातच असताना एक रात्र त्याला घरी राहू द्या. कागदावर काय सुटलंय ते लगेच कळतं: मोटार कधी चालू करायची, मांजर कुठल्या खिडकीतून येतं, साखळीचा हूक कुठे ढिला आहे. त्यालाही विचारा, “तुला काय जमणार नाही?” त्याने ‘नाही’ म्हणायची जागा इथेच आहे, तुम्ही गाडीत बसल्यावर नाही.

आणि तुमच्या बाजूनेही एक नियम पाळा. सकाळ-संध्याकाळ व्हॉट्सॲपवर एकेक फोटो ठरवा आणि तो आला की गप्प बसा. दिवसातून दहा फोन केले तर माणूस वैतागतो, आणि मग खरी गोष्ट सांगायला कचरतो.

सगळं मिळून एक पान होतं. फ्रिजवर चिकटवा, फोटो काढून त्याला पाठवा आणि निवांत लग्नात जेवा. भेटू पुढच्या भागात!