खोट्या काडतुसाचा खरा सराव

शिकारी रायफलचा नेम बिघडतो तो बहुतेकदा डोळ्यामुळे नव्हे, तर बोटामुळे. धक्का बसणार या धास्तीने चाप ओढताना अंग आधीच आक्रसतं आणि नळीचं टोक खाली झुकतं. अमेरिकेत किंवा नॉर्वेत हरणांच्या हंगामाआधी शिकारी म्हणूनच घरी डमी काडतुसं भरून कोरडा सराव करतात. या डमीत ना दारू असते, ना स्फोटक टोपी. टोपीच्या जागी स्प्रिंग किंवा रबर असतं, त्यावर फायरिंग पिन अलगद आपटते. आधुनिक सेंटरफायर रायफल रिकामी चालवली तरी सहसा बिघडत नाही; .२२ रिमफायरची पिन मात्र चेंबरच्या कडेवर आदळून दोन्हींचं नुकसान करू शकते. डमीचा मोठा फायदा माझ्या मते वेगळाच: दस्ता खांद्यावरून न हलवता बोल्ट ओढून दुसरं काडतूस भरण्याची सवय लागते. रेंजवर सोबत्याने खऱ्या काडतुसांत गुपचूप डमी मिसळली, तर झुकणारी नळी लगेच चोरी पकडून देते.

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हौसेची शिकार आता बंद आहे, पण कोरडा सराव आपले रायफल नेमबाजही करतात. कुणीही करा, आधी चेंबर आणि मॅगझीन दोनदा तपासा, नळी सुरक्षित दिशेला ठेवा आणि खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा.