कबुलायतीवरची घुसखोरी

घरच्या संगणकावर इंटरनेट सुरू करावे आणि आपण नेमून ठेवलेल्या पानाऐवजी कोठल्यातरी अनोळखी शोधयंत्राचे भडक पान समोर उभे राहावे, ते बदलून पूर्ववत केले तरी यंत्र पुन्हा चालू करताच त्याच पानाने आपला अंमल नव्याने बसवावा, आणि या खटाटोपात असतानाच जाहिरातींच्या चारसहा खिडक्या एकीवर एक उघडत जाव्यात, हा अनुभव २००३ ते २००६ या काळात ज्यांच्या घरी संगणक होता त्यांतील फारच थोड्यांना चुकला असेल. आज विशीत असलेल्या वाचकाला तो सांगूनही खरा वाटणार नाही. संगणकाच्या विषाणूंविषयी पुष्कळ लिहिले गेले. परंतु या हेर-प्रोग्रामांचा आणि ब्राउझर बळकावणाऱ्या टोळ्यांचा वृत्तान्त त्या मानाने उपेक्षितच राहिला. विषाणू दरोडेखोराप्रमाणे येत असे, तेव्हा त्याच्याविषयी कोणाच्या मनात संदेह नसे. ही मंडळी मात्र बहुधा रीतसर कागदपत्रे घेऊन आली, घरधन्याची कबुलायत त्यांच्या दप्तरी होती, आणि म्हणूनच त्यांना बाहेर काढण्याचे काम जितके तांत्रिक तितकेच कायद्याचे आणि नीतीचे होऊन बसले.

प्रारंभ निरुपद्रवी वाटावा असा होता. विसाव्या शतकाच्या अखेरीस लहानलहान उपयुक्त प्रोग्राम लिहून ते फुकट वाटणाऱ्या लेखकांना उत्पन्नाचे काही साधन हवे होते, आणि ऑरिएट नावाच्या कंपनीने ते जाहिरातींच्या रूपाने देऊ केले. जाहिरात दाखवणारा तिचा घटक त्या प्रोग्रामाच्या पाठोपाठ संगणकात शिरे आणि मूळ प्रोग्राम काढून टाकल्यावरही तेथेच मुक्काम ठोकी. स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रामकाराला आपल्याच यंत्रातून परस्पर बाहेर जाणारी ही वर्दळ आढळली, आणि २००० साली त्याने ती बंद करणारा ‘ऑप्टआउट’ हा छोटा प्रोग्राम लिहिला. त्याच सुमारास ‘अ‍ॅड-अवेअर’ आणि जर्मनीतील पॅट्रिक कोल्ला याचे ‘स्पायबॉट’ ही साधने पुढे आली. एक गोष्ट येथे नोंदवून ठेवली पाहिजे की, मोठ्या विषाणूविरोधी कंपन्या या सुरुवातीच्या काळात बव्हंशी तटस्थच होत्या. ज्याला मालकाने स्वतः ‘होय’ म्हटले आहे त्याला विषाणू कसे म्हणावे, असा त्यांचा पेच होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता.

या ‘होय’चे मोल किती होते हे गेटर कंपनीच्या उदाहरणावरून कळते. १९९८ साली स्थापन झालेली ही कंपनी परवलीचे शब्द लक्षात ठेवणारा एक सोयीस्कर प्रोग्राम देई, आणि त्याच्या मोबदल्यात वापरकर्त्याचा इंटरनेटवरील संचार न्याहाळून दुसऱ्यांच्या पानांवर आपल्या जाहिराती झळकवी. वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आदी प्रकाशकांनी २००२ मध्ये तिच्यावर फिर्याद केली, न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूमही दिला, पण २००३ च्या आरंभी प्रकरण तडजोडीने मिटले. त्याच वर्षी कंपनीने ‘क्लॅरिया’ असे नामांतर करून घेतले. काझासारख्या, गाण्यांची देवाणघेवाण करणाऱ्या लोकप्रिय प्रोग्रामाबरोबर तिचा माल घरोघर गेला, आणि त्याबरोबर जो करारनामा पडद्यावर उलगडे तो इतका लांबलचक असे की त्याच्या शेवटापर्यंत पोचणारा मनुष्य विरळाच. त्यात आपला प्रोग्राम कंपनीला मान्य नसलेल्या मार्गाने काढण्यासही मज्जाव केलेला होता. लोक करारनामा वाचतात की नाही याची परीक्षा पीसी पिटस्टॉप या दुसऱ्या एका कंपनीने मोठ्या मार्मिकपणे घेतली. तिने आपल्याच करारनाम्यात अमुक पत्त्यावर लिहिणाऱ्यास आर्थिक मोबदला मिळेल असे कलम घालून ठेवले. चार महिने लोटले, तीन हजारांहून अधिक जणांनी प्रोग्राम उतरवून घेतला, तेव्हा कोठे एकाने विचारणा केली आणि त्याला १००० डॉलर मिळाले. संमतीच्या त्या सबंध व्यवहाराची एवढी नेमकी तपासणी कोणत्याही न्यायासनासमोर झाली नाही.

मग हे पाहुणे संगणकात राहत कोठे? १९९७ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोररच्या चौथ्या आवृत्तीत इतरांच्या प्रोग्रामांना ब्राउझरच्या अंतरंगात जागा देण्याची एक सोय करून ठेवली होती. पीडीएफ वाचणारे किंवा शोधपट्टी पुरवणारे सभ्य प्रोग्राम तिचा वापर करीत, आणि त्याच दाराने असभ्यही येत. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, यंत्र सुरू होताच कोणकोणते प्रोग्राम उठवावेत याच्या याद्या असतात, तेथे यांची वर्णी लागे. होस्ट्स नावाच्या एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये दोन ओळी घातल्या की गूगलचा पत्ता लिहिणारा मनुष्य भलत्याच ठिकाणी जाऊन पोचे. न्यू-डॉट-नेटसारखे काही जण तर संगणक आणि जाळे यांच्यामधल्या दळणवळणाच्या साखळीतच एक कडी बनून बसत. त्यांची फाइल रागारागाने पुसून टाकावी, तर साखळीच तुटे आणि इंटरनेट पूर्णपणे बंद पडे. ती सांधण्यासाठी ‘एलएसपी-फिक्स’ नावाचे वेगळे साधन लागे, आणि इंटरनेट बंद पडलेल्या घरात ते दुसऱ्याच कोणाच्या संगणकावरून फ्लॉपीत घालून आणावे लागे.

या सर्वांत कुप्रसिद्ध टोळी २००३ च्या मे महिन्याच्या सुमारास उदयास आली. कूलवेबसर्च हे तिचे नाव. तिने कबुलायतीचा देखावाही ठेवला नाही. मायक्रोसॉफ्टच्या जावा यंत्रणेतील एका छिद्रातून ती केवळ एखादे पान उघडल्याने आत येई, मुखपृष्ठ आणि शोधपृष्ठ बळकावी, आणि दर काही आठवड्यांनी नवे रूप घेई. एक अवतार तर असा निघाला की सफाईचा प्रोग्राम उघडताच तो त्याची खिडकीच मिटवून टाकी. तिच्याशी दीर्घकाळ झुंजला तो मेराइन बेल्लेकॉम हा एक डच विद्यार्थी. प्रत्येक अवताराची टिपणे ठेवून त्याने केवळ या एका टोळीसाठी ‘सीडब्ल्यूश्रेडर’ लिहिला. आणि ‘हायजॅकधिस’ हे त्याचे दुसरे अपत्य तर त्या दशकातील सर्वांत उपयुक्त साधन ठरले, असे माझे मत आहे.

हायजॅकधिसची थोरवी त्याच्या मौनात होती. कोणता प्रोग्राम दुष्ट आणि कोणता सुष्ट याचा निवाडा ते करीत नसे. घुसखोर जेथे जेथे दडू शकतात अशा सर्व जागांची ते केवळ पाहणी करी आणि एक यादी पुढे ठेवी. आर-शून्य आणि आर-एक म्हणजे मुखपृष्ठाच्या व शोधपृष्ठाच्या नोंदी, ओ-एक म्हणजे होस्ट्स फाइल, ओ-दोन ब्राउझरमधील मदतनीस, ओ-चार यंत्रासोबत उठणारे प्रोग्राम, ओ-दहा ती दळणवळणाची साखळी. अननुभवी मनुष्याने सर्व ओळींवर खुणा करून ‘दुरुस्त करा’ म्हटले तर घुसखोरांबरोबर छपाईयंत्र आणि ध्वनीही नाहीसे होण्याचा संभव असे. म्हणून ती यादी जाणकाराला दाखवायची, आणि त्याने एकेक ओळ तपासून खुलासा करायचा, असा शिरस्ता पडला. जगभरच्या शेकडो स्वयंसेवकांनी अनोळखी लोकांच्या अशा याद्या रात्री जागून वाचल्या. मग जाळ्याची तार काढायची, एफ-आठ दाबून यंत्र सेफ मोडमध्ये उठवायचे, परस्परांवर पहारा करणाऱ्या दोन प्रोग्रामांपैकी एक बंद करताच दुसरा त्याला पुन्हा उठवतो याचे भान ठेवायचे, नोंद आधी खोडायची आणि फाइल मागाहून पुसायची, विंडोजने पूर्वस्थितीच्या नावाखाली जपून ठेवलेल्या प्रतीत तोच माल नाही ना हे पाहायचे, आणि सर्व झाल्यावर पुन्हा यादी काढायची. या क्रमात एक प्रकारची वैद्यकी होती. पुढे २००७ साली हायजॅकधिस ट्रेंड मायक्रो कंपनीने विकत घेतले, आणि त्याचा जमाना तेथून हळूहळू ओसरला.

आपल्याकडे या वैद्यकीला फारसा वाव मिळाला नाही. लॅमिंग्टन रोडवरून किंवा तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून जुळवलेला संगणक, त्यावर विंडोजची परवान्याविना घातलेली प्रत, आणि ती पकडली जाईल या भयाने सुधारणा उतरवून घेण्याचे टाळणारा मालक, हे चित्र मराठी घरांत सार्वत्रिक होते. अशा यंत्रावर छिद्रे बुजवली जाण्याचा प्रश्नच नव्हता. २००५ च्या आरंभी बीएसएनएलचे ब्रॉडबँड आले तेव्हा जोडणी दिवसभर चालू राहू लागली, आणि मोजून मिळणाऱ्या डेटातला वाटा हे पाहुणे खाऊ लागले. दुरुस्ती करणारा मुलगा येई, पाच मिनिटे पाही आणि ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल’ असा निकाल देई. त्याचा तरी दोष काय? ज्या कामाला एक संध्याकाळ पुरत नसे त्याचे पैसे द्यायला कोणी तयार नव्हते, आणि फॉरमॅटचे दर ठरलेले होते. पण डी ड्राइव्ह शाबूत राहिला तरी सी ड्राइव्हवर, डेस्कटॉपवर, ठेवलेले लग्नाचे फोटो, श्रीलिपीत टंकलेली पत्रे आणि संस्थेचे हिशेब अशा फॉरमॅटांत किती गेले याची गणती कोणी केलेली नाही. याच काळात पुण्यात, संगणकदुरुस्तीच्या दुकानातून पुढे आलेल्या काटकर बंधूंच्या क्विक हील या विषाणूविरोधी प्रोग्रामाचा खप वाढला, यात नवल नाही.

घुसखोरीच्या भयावर दुसरी घुसखोरी उभी राहावी हा या कथेतील सर्वांत निर्लज्ज अध्याय होय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हेर-प्रोग्रामांविरुद्ध पहिली फिर्याद २००४ च्या ऑक्टोबरात सॅनफर्ड वॉलेस आणि त्याच्या कंपनीवर केली. आरोप असा की ते लोकांच्या संगणकाचे सीडीचे खण आपोआप उघडवीत, आणि खण उघडला असेल तर तुमच्या यंत्रात हेर शिरला आहे असे बजावून त्यावरचा उतारा विकत घेण्यास सांगत. पुढे विनफिक्सर, स्पायशेरिफ अशा नावांचे तोतये वैद्य शेकड्यांनी निघाले. निरोगी यंत्रात नसलेले रोग दाखवावेत आणि बरे करण्याची फी घ्यावी, एवढाच त्यांचा धंदा. विनफिक्सरच्या प्रकरणात २०१२ साली १६ कोटी ३० लाख डॉलरचा हुकूमनामा झाला.

कबुलायतवाल्यांना मात्र कायद्याने उशिरा आणि सौम्यपणे हाताळले. झँगो कंपनीने २००६ मध्ये ३० लाख डॉलर भरून तडजोड केली; क्लॅरियाने त्याच वर्षी हा धंदा सोडला. झँगोने आपला प्रोग्राम अडवल्याबद्दल कॅस्परस्की या विषाणूविरोधी कंपनीवर उलट फिर्यादही केली होती, आणि २००९ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या नवव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने ती अमान्य केली. सफाई करणाऱ्याला अब्रूनुकसानीच्या वा नुकसानभरपाईच्या दाव्यांचे भय बाळगून सौम्य शब्द योजावे लागत, त्यांपैकी बरेचसे भय या निकालाने दूर झाले. आपल्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील ४३ व्या कलमाने परवानगीविना संगणकात दूषित प्रोग्राम सोडण्यास २००० सालापासूनच मनाई केली आहे, पण ‘परवानगीविना’ या एका शब्दात सारे अडकते.

दरम्यान मायक्रोसॉफ्टला जाग आली होती. २००४ च्या ऑगस्टमधील एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने पॉपअप अडवले आणि ब्राउझरमधील पाहुण्यांची यादी मालकाच्या हाती दिली. वर्षअखेरीस जायंट ही कंपनी विकत घेऊन तिच्या साधनाचे पुढे विंडोज डिफेंडर करण्यात आले. तरीही रोग गेला नाही, त्याने सभ्य वेष घेतला. बॅबिलॉन, कंड्यूट, आस्क यांच्या पट्ट्या आधीच खूण केलेल्या चौकटीतून घराघरांत गेल्या, काहींनी तर डेस्कटॉपवरील ब्राउझरच्या शॉर्टकटच्या शेपटीलाच आपला पत्ता जोडला, आणि ब्राउझर संपूर्ण काढून नव्याने घातला तरी ते पान परत येते कसे हे पुष्कळांना अखेरपर्यंत उमगले नाही. या पर्वात मालवेअरबाइट्स आणि अ‍ॅडव्ह-क्लीनर यांनी मोठे काम केले. परंतु २०१५ च्या फेब्रुवारीत लेनोव्होच्या नव्या कोऱ्या लॅपटॉपांवर कारखान्यातूनच सुपरफिश नावाचा, सुरक्षित पानांतही जाहिराती घुसवणारा प्रोग्राम घातलेला आढळला, आणि त्याची गुप्त किल्ली प्रत्येक यंत्रात एकच होती, तेव्हा घरधन्याने सावध राहावे या उपदेशातला अर्थच संपला.

अखेर हा अंमल मोडला तो सावधगिरीने नव्हे आणि कायद्यानेही नव्हे. तो मोडला दरवाजा मालकाच्या हातून काढून घेतल्याने. २०१४ च्या मे महिन्यापासून गूगलने विंडोजवरील क्रोममध्ये स्वतःच्या दुकानाबाहेरची एक्स्टेन्शने बसवण्यास सामान्य वापरकर्त्याला बंदी केली, इतरांनीही तोच मार्ग धरला, आणि २०२३ मध्ये क्रोममधील सफाईचे साधन गरज उरली नाही म्हणून काढून टाकण्यात आले. हा बंदोबस्त परिणामकारक आहे हे मान्य केलेच पाहिजे. पण आता काय आत यावे हे ठरवणारी संस्था स्वतःच जाहिरातींवर जगते, हेही विसरून चालणार नाही. शिवाय दुकानातून घेतलेला मालही हात बदलतो: उघड्या टॅब झोपवणारे ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे सुमारे २० लाख लोकांच्या विश्वासातले एक्स्टेन्शन २०२० साली दुसऱ्याला विकले गेले, आणि २०२१ च्या फेब्रुवारीत गूगलला ते घातक ठरवून बंद करावे लागले. ज्यांनी ते बसवले होते त्यांची मूळ कबुलायत नव्या मालकाच्या नावे आपोआप चालू राहिली होती. तेव्हा वाचकांनी आज सवड काढून आपल्या ब्राउझरमधील एक्स्टेन्शनांची आणि सूचना पाठवण्याची मुभा दिलेल्या पानांची यादी उघडावी, आणि जे नाव आपण का घेतले हे सांगता येणार नाही ते काढून टाकावे.